आंदणाची म्हैस

फाल्गुनात रुक्मीच्या सासऱ्यांचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत पोरांचे पाढे घेत होतो. पत्र चार ओळींचं. गुरं मरत आहेत. गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, जनावर वाळत जातं आणि एकदा बसलं की उठत नाही. सून घरात आल्या वर्षीच हे सुरू झालं. आपल्या बहिणीला घेऊन जावे.

'पायगुण' हा शब्द त्यांनी लिहिला नव्हता, पण तो चारही ओळींत होता. मला आधी वाईट वाटलं नाही, संताप आला. आईवडिलांच्या मागे मी वाढवलेली माझी एकुलती एक बहीण, गेल्या वैशाखात वाजतगाजत सासरी धाडलेली, आणि वर्षाच्या आत हे पत्र! दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी उचलली आणि निघालो.

आमचं गाव नळदुर्गाजवळ, बोरी नदीच्या काठी. रुक्मीचं सासर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भूमच्याही पुढं, खडकवाडीला. त्या कोरड्या मुलखात म्हैस कुणाच्या दारात नाही, म्हणून मी मुद्दाम आंदणात आमच्या गोठ्यातली सगळ्यांत देखणी म्हैस दिली होती. खडकवाडीत शिरलेली ती पहिलीच म्हैस. नवरी बघायला जेवढी माणसं आली तेवढीच म्हैस बघायला आली, आणि मी नवरदेवापेक्षा जास्त मिरवलो.

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसल्यामुळं निजाम सरकारच्या बसच्या पाठीला कोळशाची शेगडी लावलेली असे, आणि तिच्या धुरावर गाडी चाले. तुळजापूरच्या चढाला गाडीनं मान टाकली. सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मास्तर, नुसता हात लावू नका, जरा जोर बी लावा!" मी जोर लावला आणि काजळीनं माझं धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं.

कागदोपत्री उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव, अशा त्या गावात मी उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. जनावरांच्या दवाखान्यात सलोतरी (जनावरांचे डॉक्टर) एका घोड्याचा खूर तपासत होते. उतारवयाचे मुसलमान गृहस्थ. शेरवानी खुंटीला टांगलेली, बाह्या कोपरापर्यंत वर. माझा अवतार पाहून हसले, पण पत्र वाचता वाचता त्यांचं हसू गेलं.

"गावात तळं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. तीन वर्षांपूर्वी बांध घातलाय."

"काठाला हिरवं गवत, पाण्यात बारीक गोगलगायी. बरोबर?"

ते कपाटातून एक बरणी घेऊन आले. आत कसल्याशा औषधात लिंबाच्या पाल्यासारखे चपटे, तपकिरी किडे पडले होते. "हे कलेजीत राहतात," सलोतरीसाहेब म्हणाले. "अंडी शेणातून पाण्यात. पाण्यातून गोगलगायीत. तिथं वाढून बाहेर पडतात आणि गवताला चिकटून बसतात. गाय ते गवत खाते आणि महिनाभरानं रक्त आटायला लागतं. पण मास्तर, ही बीमारी त्या सुक्या मुलखाची नाही. ही कुणीतरी नेली. बाहेरून एखादं जनावर आलं होतं का? ते दिसायला धडधाकट असेल. त्याला सवय असते. शेणातून वाटत फिरतं."

मला आंदणातली म्हैस आठवली. आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर एखाद्या वासराच्या गळ्याला सूज येते. 'पाणी उतरलं' म्हणायचं, काहीतरी कडू पाजायचं. जगलं तर जगलं. त्याला रोग म्हणावं असं आमच्यात कुणाला सुचलंही नव्हतं.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

शिक्षकानं एवढं लहान आणि एवढं खोटं वाक्य बोलू नये. साहेबांनी विश्वासानं औषधाच्या कुप्या कागदात बांधून दिल्या, कुणाला किती पाजायचं ते उर्दूत लिहून दिलं, आणि आठ दिवसांत स्वतः येतो म्हणाले. तोवर तळं बंद, विहिरीचंच पाणी.

दुसऱ्या दिवशी पहाटे भूमपर्यंत मालाची लॉरी मिळाली. बाजाराचा दिवस होता. परतणाऱ्या एका शेतकऱ्यानं बैलगाडीत जागा दिली. बाजूला उघडा माळ, तरवडाची झुडपं, दूरवर बालाघाटाची बोडकी रांग. गाडीवान बोलका होता. खडकवाडीचं नाव काढताच त्यानं कासरा ओढला.

"तिकडं आता सोयरीक करायला बी लोक भित्यात. तिथल्या एका सुनंचा पायगुण लई वंगाळ हाय म्हनं. तुमचं कोन हाय तिथं?"

"तीच," मी म्हणालो. "माझी बहीण."

पुढचे दोन कोस तो बिचारा बैलांच्या शेपट्यांकडेच बघत राहिला. फाट्यावर उतरताना मात्र त्यानं माझी पिशवी स्वतः खांद्याला अडकवून दिली.

गावाबाहेर मेलेल्या जनावरांवर गिधाडं उतरली होती. त्यांच्या पलीकडे तळं, आणि तळ्याच्या काठानं हिरव्यागार गवताचा पट्टा. चार कोसांत तेवढंच हिरवं होतं. त्यात हाडं वर आलेल्या गाई चरत होत्या. मधोमध नाकापर्यंत पाण्यात बुडून आमची म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. अंगावर तुकतुकी. मी काठावर बसलो, चिखलात बोटं घातली. तांदळाएवढ्या गोगलगायी बोटांना लागल्या.

रुक्मी दारातच भेटली. वाळली होती. "दादा, जेवलास का?" एवढंच विचारलं आणि आत वळली. तिनं हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि भाकरी वाढली. ताट ठेवायला ती भिंतीला चिकटून आली. घरात कुणाच्या अंगावरून जायचं नाही, असं ती शिकली होती.

तिचे सासरे, तात्या, वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जोडीतला एक बैल गेला होता. दुसरा अंगणात मान टाकून उभा, आणि तात्या त्याच्या गळ्याखालची सूज तळहातावर तोलून धरत होते, तेवढाच त्याला आराम.

"पाव्हणं, आमी पोरीला कदी बोट लावलं न्हाय," ते म्हणाले. "पर गाव बोलतंय. दावणी रिकाम्या व्हाय लागल्या. म्या कुनाकुनाची तोंडं धरू?"

सकाळी चावडीवर माणसं जमली. रुक्मी बायकांत, मागं. मी सलोतरीसाहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. अंडी, गोगलगाय, गवत. लोक ऐकत होते. इथंच थांबावं, कुप्या वाटाव्यात, दुवा घ्यावा आणि निघावं, असा मोह मला झाला हे कबूल करतो. पण मग म्हैस उद्या पुन्हा तळ्यात उतरली असती.

"आणि हा किडा तुमच्याकडे नव्हता," मी म्हणालो. "तो माझ्या गोठ्यातून आला. आंदणात दिलेल्या म्हशीबरोबर. रुक्मीच्या पायाचा यात काही संबंध नाही. दोष असेल तर तो माझा आहे."

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. मग एक म्हातारी सावकाश म्हणाली, "म्हंजे पोरीसंगंच आलं की. आमी काय येगळं म्हनत हुतो?"

मी समजावू लागलो. पाय वेगळे, म्हैस वेगळी, अज्ञान वेगळं. जेवढं बोललो तेवढा गुंता वाढला. शेवटी मी रुक्मीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"दादा," ती हळू म्हणाली, "मग ते खरंच हुतं तर. म्या रोज देवाला सांगत हुते, माझ्याकडनं कायबी आलेलं न्हाय म्हनून."

आजवर मला कुणी याहून जड बोललेलं नाही. मी तिला सोडवायला गेलो होतो आणि भर चावडीवर, पुराव्यानिशी, तिच्यावरचा आरोप मीच शाबीत केला होता. मला रडू आलं. मास्तर रडतो म्हणून दोन-तीन माणसं खाली बघू लागली.

"पिशवी भर," मी तिला म्हणालो. "घरी चल."

ती उठली नाही. "म्या न्हाय येत. म्या गेले की हे म्हनतील, ती गेली, बला गेली. आन् जनावरं परत तळ्यात सोडतील." मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती सासऱ्यांकडे वळली. "तात्या, आजपासनं हिरीचं पानी म्या शेंदते. साऱ्या गावाच्या जनावरांला."

तात्यांनी वर पाहिलं. "एकटी कशी शेंदशील? चल, म्या बी येतो." आणि चावडीची पायरी उतरताना मला म्हणाले, "पाव्हणं, म्हैस तेवढी घिऊन जावा."

दुपारपर्यंत आम्ही कुप्या पाजल्या. तात्यांच्या बैलालाही पाजली, पण तो वाचेल असं मला वाटलं नाही. म्हशीलाही तिच्या वाटणीची दिली. निघालो तेव्हा रहाटाचा आवाज येत होता. रुक्मी निरोपाला आली नाही. तिचे हात कामात होते.

म्हशीला घेऊन चालत परतायचं म्हणजे आंदण ज्या वाटेनं आणलं तीच वाट उलटी धरायची. भूमच्या अलीकडे एका खेड्यात पहिला मुक्काम पडला. वेशीत एक म्हातारबाबा बसले होते, त्यांनी लांबूनच ओळखलं. "मास्तर! आन् हीच की ती म्हस! गेल्या साली वऱ्हाड थांबलं तवा दिवसभर आमच्या तळ्यात डुंबली हुती."

मी जागीच थबकलो. खडकवाडीला जाताना आम्ही पाच ठिकाणी उतरलो होतो. पाचही ठिकाणी तळं नाहीतर डोह होता, आणि ऊन फार म्हणून पाचही ठिकाणी मीच प्रेमानं तिला पाण्यात सोडलं होतं.

"बाबा, तुमची गुरंढोरं बरी आहेत ना?"

"बरी हायेत. चार-दोन जनावरांच्या गळ्याला औंदा (यंदा) पानी उतरलंय. उन्हाचं आसंल."

इथं माझी बहीण नांदत नव्हती. कुणाच्या पायगुणाचा प्रश्न नव्हता, मला कुणी विचारणार नव्हतं. रात्र काढून पहाटे गुपचूप निघून गेलो असतो तर या गावाला जन्मात कळलं नसतं. आपल्या हातून झालेलं नुकसान आपल्या माणसाच्या अंगावर आलं तरच आपण ते बोलून दाखवतो का, असं मी तेव्हा स्वतःला विचारलं. उत्तर द्यायची लाज वाटली.

पाण्याचा वास येताच म्हशीनं सगळं बळ लावून तळ्याकडे ओढ घेतली.

"सोडा की मास्तर," म्हातारबाबा कौतुकानं म्हणाले. "घरचीच हाय ती."

मी दावं बाभळीच्या बुंध्याला दोनदा गुंडाळलं, गाठ मारली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"बाबा, तिला राहू द्या. मला तुम्हाला काही सांगायचंय."