मेथीच्या जुडीची गाठ

सांगून टाकते एकदाचं, नातवंडांनो. नर्सचं काम शिकत असताना मी एका नुकत्या जन्मलेल्या पोराची नाळ मेथीच्या जुडीसारखी बांधली होती. सुरगाठ घालून. टोक ओढलं की सुटते ती. आणि बांधून झाल्यावर, काय झोकात बांधली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आता हसते मी. पण हसता हसता अजून हात आपसूक पदराला पुसले जातात.

तेव्हा माझं वय बावीस-तेवीस. नवरा गेलेला, पदरात चार वर्षांची पोरगी, आणि आपल्याइतकी हुशार बाई उभ्या वाशिमात नाही अशी पक्की समजूत. समजुतीला आधार एवढाच, की मी माहेरी, आसेगावच्या शाळेत, मराठी चौथी पास झाले होते. सासर माळ्याचं. गावाला लागून मळा, विहिरीवर मोट, आणि बारा महिने भाजी. तांबडं फुटायच्या आधी मी आणि सासूबाई मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, उपटून धुऊन जुड्या बांधत असू. बांधायला केळीच्या सोपाची, म्हणजे खुंटाच्या सालीची, ओली पट्टी. दोन वेढे, आणि टोक दुमडून वेढ्याखाली सारायचं. पक्की गाठ मारलेली सासूबाईंना खपत नसे. त्यांची बाजारातली ऐटच अशी होती की गिऱ्हाईकानं नाक मुरडलं की त्या टोक ओढून जुडी तिथंच उघडत. "पाह्य वं बाई, एक पान पिवळं असंल तर सांग मले." आणि पापणी लवायच्या आत जुडी परत बांधलेली. माझेही हात तसेच झाले होते. डोकं कुठंही असो, हात बांधत राहायचे.

रोज वांगी घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा मला भाजीखाली अंथरलेला जुना कागद वाचताना पाहिलं. म्हणाल्या, "चौथी झालीस? मग वांगी काय विकतेस?" त्यांच्या बायकांच्या दवाखान्यात नर्स शिकवायचा वर्ग होता. राहायची जागा दवाखान्यातच, पण लेकरू आणायचं नाही. मी म्हटलं, लेकरू सोडून राहणार नाही. त्यांनी सवलत दिली: घरून ये, आठाच्या ठोक्याला हजर राहा, दुपारी दीड तास जेवायला जा. आणि पहिले तीन महिने कच्चे. त्यात मोठी चूक झाली, तर घरी.

घरी जाणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्यात विधवेचा पाट लावून देतात. त्यात वाईट काही नाही, पुष्कळ बायांचे संसार पुन्हा उभे राहिले. पण पाटाला बाई एकटी जाते. ज्या घरची पोर, ती त्या घरीच राहते. थोरल्या दिरांनी मालेगावचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं.

"मानूस लय गरीब सोभावाचा हाये," ते म्हणायचे. "दोन बायका मेल्या, पन कोनाले उलटून बोलला नाई."

दोन्ही कशानं मेल्या, हे विचारायची सोय नव्हती. मी नर्स व्हायचं काढलं तेव्हा ते आधी हसले. मग सासूबाईंकडं बघून म्हणाले, "होऊ दे कलेक्टर. पन त्यायनं काढून देल्लं, तर मंग मालेगाव. मंग मी आयकनार नाई."

सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या नाहीत आणि विरुद्धही बोलल्या नाहीत. "पोरीले मी पाह्यतो, पन सकाळच्या जुड्या झाल्या पाह्यजे," एवढंच म्हणाल्या.

म्हणून ते तीन महिने मी एका धास्तीवर काढले. घड्याळ घरात नव्हतं. मोट धरायची वेळ, शेजारच्या गिरणीचा भोंगा, सावली, यांच्यावर नजर ठेवून मी दवाखान्याकडं पळायची, ते पाऊण तास आधी पोचून फाटकाशी उभी राहायची. इतक्या लवकर आत गेले तर हसतील, म्हणून बाहेर. बावळट ती बावळट. धडे चुलीपुढं पाठ करायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, "हे दवाखान्यातलं औषद हाये काय वं?"

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. सकाळी पोरगी उठली ती अंग तापलेलं. कपाळाला हात लावला तर चटका बसला. (ताप दुसऱ्या दिवशी उतरला. आत्ताच सांगते, तुमचा जीव टांगणीला नको.) सासूबाई म्हणाल्या, "जाय तू. आज मी दुपारच्या आतच बाजारातून येतो. तवर तुही मोठी जाऊ पाह्यते." मी गेले. जाताना चारदा मागं वळून पाहिलं. दिवसभर दवाखान्यात असायला हवं होतं ते डोकं तिथंच, पोरीच्या अंथरुणाशी, राहिलं.

दवाखान्यात गेल्या गेल्या एक बाळंतपण आलं. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर नागपूरकडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांना आम्ही सगळ्याच चळाचळा कापायचो. पोर झालं, रडलं, सगळं ठीक. तेवढ्यात त्या बाईला रक्तस्राव वाढला. सिस्टर तिच्याकडं वळल्या आणि मान न वळवता मला म्हणाल्या, "दोरा बांध. बाळाच्या बाजूनं, दोन ठिकाणी. घट्ट."

उकळलेला दोरा ताटलीत होता. मी बांधला. दोन वेढे, टोक दुमडून खाली. सिस्टरांनी दोन्ही गाठींच्या पलीकडं कात्री चालवली आणि पुन्हा बाईकडं वळल्या. मी बाळाला पुसलं, पोटाला पट्टा गुंडाळला, आणि त्याच्या आजीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. सगळं पाठ केल्यासारखं. वर आजीला सांगितलंही, "काही काळजी करू नका." कुणी सांगितलं होतं मला बोलायला!

दुपारी जेवायला घरी गेले. सासूबाई अजून आल्या नव्हत्या. जाऊ चुलीपाशी होती. पोरगी अंथरुणावर बसलेली, डोळे तांबारलेले, पण हातात खेळणं होतं: सकाळची राहिलेली मेथीची एक जुडी. मला बघून म्हणाली, "माय, पाह्य." आणि टोक ओढलं. मेथी सगळी गोधडीवर पसरली. ती खुदकन हसली. "आजीवानी!"

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. ती सोपाची पट्टी, दोन वेढे, दुमडलेलं टोक. माझ्या बोटांना आठवलं. डोक्याला नाही, बोटांना.

मी जाऊला काय सांगितलं, आठवत नाही. पदर खोचला आणि धावत सुटले. पांदणीच्या वाटेवर सासूबाई समोरून येत होत्या, डोक्यावर रिकामी टोपली.

"काहून वं? काहून पळून राह्यली? पोरगी?"

"पोरगी बरी हाये! तुमी जा तिच्यापाशी!"

"मंग तुले काय झालं?"

मी थांबलेच नाही. मागून त्यांचं ऐकू आलं, "चपला तं घाल माय!" तेव्हा कळलं की पाय अनवाणी आहेत आणि फुफाटा भाजतो आहे.

वाटेत मनात काय काय आलं, ते खरं सांगायला हवं. पहिला विचार बाळाचा आला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पहिला विचार आला तो असा, की बहुतेक सुटली नसेल. दुसरा, की सुटली असली तरी सिस्टरांनी पाहिली असेल. मग त्यांनी पाहिली असेल तर मालेगाव. आणि मग कुठं तरी, फाटकापाशी पोचता पोचता, ते पोर आठवलं. केवढंसं होतं ते.

खोलीत सगळं शांत. बाळंतीण झोपलेली, म्हातारी खाटेला टेकून बसलेली, मांडीवर गुंडाळी.

"बाई, जरा पाह्यू द्या मले."

"हात लावू नको त्याले. आत्ताच डोळा लागला त्याचा."

"पट्टा पाह्यतो फक्त."

"मंगाशी तं तूच म्हनली, काई काळजी नाई म्हून!"

गुंडाळी ओढूनच घेतली म्हणा. पट्टा उलगडला. माझ्या तळव्याएवढा ओला, लाल डाग. एक दोरा सुटून पट्ट्यालाच चिकटला होता, दुसरा ढिला झाला होता, आणि तिथून झिरपत होतं. मी नाळ दोन बोटांत दाबून धरली. बाळ फिकं वाटलं मला. फिकं होतं की माझ्याच डोळ्यांपुढं पांढरं आलं होतं, देव जाणे.

आणि इथं तुमच्या या आजीनं काय केलं? तिनं हिशोब केला. दोरा तर इथंच होता. तोच उचलून आता निरगाठ मारायची, पट्टा बदलायचा, रक्ताचा पट्टा पदराखाली. सिस्टर पलीकडच्या खोलीत. म्हातारीला यातलं काय कळणार? कुणाला काही कळणार नाही. मालेगाव टळलं. पण दोरा उकळलेला हवा, एकदा बाहेर पडलेला परत बांधायचा नाही, हे त्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी चुलीपुढं बसून ते पाठ केलं होतं, दोनदा मिठाची भाजी करून.

चार श्वास मी त्या दोऱ्याकडं बघत उभी होते. चार असतील, सहा असतील. मोठे होते.

मग मी ओरडले. बाजारात मेथी विकायचा गळा होता माझा, अख्ख्या दवाखान्यात घुमला. "सिस्टर! दोरा घेऊन या! उकळलेला!"

म्हातारीनं ऊर बडवला. "काय झालं वं माय? काय केलं त्याले?"

सिस्टर धावत आल्या नाहीत. त्या कधीच धावायच्या नाहीत, पण चालल्या तरी कुणाला गाठता यायचं नाही. ताटली घेऊन आल्या, माझी बोटं न हलवता त्यांनी बोटांच्या आतल्या बाजूला, बाळाकडं, दोन गाठी मारल्या, बाळाचे ओठ पाहिले, तळवे पाहिले, पायाला टिचकी मारली. पोर ठणाणा रडलं. असं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

"कुणी बांधली होती?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊकच होतं.

"मी."

म्हातारीनं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त बाळ माझ्याकडून काढून घेतलं आणि पाठ केली.

सिस्टर मला हात धुवायच्या खोलीत घेऊन गेल्या. दोऱ्याचा तुकडा पुढं केला. "कशी बांधली होतीस, दाखव." मी माझ्याच बोटावर बांधून दाखवली. पहिल्या झटक्यात गाठ बरोबर पडली, मेली. त्यांनी टोक ओढलं. सुटली.

"असं कुठं शिकलीस?"

मी जुड्यांचं सांगितलं. सासूबाई बाजारात जुडी कशी उघडून दाखवतात, तेही सांगितलं. कशाला सांगितलं कुणास ठाऊक, पण एकदा तोंड सुटलं ते थांबेना. पोरीचा ताप सांगितला, थोरले दीर सांगितले, मालेगावच्या माणसाच्या दोन बायकासुद्धा सांगितल्या. सिस्टर ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. त्या भिंतीवरच्या फळीवरून वही काढून काही लिहीत होत्या. ती वही संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडं जायची. मी उलटी अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. चौथी पास असून एक अक्षर लागलं नाही.

लिहून झालं. त्यांनी वही मिटली. मी विचारलं, "मी घरी जाऊ का?" आणि एवढं बोलून जे रडू आलं, ते शेंबडासकट.

त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "गाठ कुणी चुकवली ते लिहिलंय आणि कुणी ओरडून बोलावलं तेही लिहिलंय, दोन्हीकडं तुझंच नाव आहे, डॉक्टरीणबाईंना मी सांगेन मला तू हवी आहेस म्हणून, आता रडायचं असेल तर मोरीशी जाऊन रड आणि कोपरापर्यंत हात धुऊन ये, तीन नंबरच्या खाटेवरची अडली आहे."