अख्खी भाकरी

हिराआत्याला "हे कसं करू?" असं विचारायची सोय नव्हती. लहानपणी आजऱ्याला तिच्या घरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले. ओढून ओढून मी रडकुंडीला आले, तर ती चहा पीत म्हणाली, "मला काय इचारतीस? पेल्याला इचार की." आणि खरंच बसून राहिली. बऱ्याच वेळाने मी आतल्या पेल्यात गार पाणी ओतलं, बाहेरचा गरम पाण्यात धरला. पेले सुटले. शाबासकी मिळाली नाही. त्यातल्याच एका पेल्यात तिनं मला चहा ओतला.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. कारखान्यात काजू फोडून तिनं स्वतःचं दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं. शाळेच्या वाटेवर माझी पुस्तकं पावसात भिजायची. "पावसाला इचार," ती म्हणाली. मी तेलाच्या रिकाम्या डब्यात पुस्तकं भरली आणि डबा डोक्यावर घेऊन निघाले. पोरं फिदीफिदी हसली. "हसू देत की," आत्या म्हणाली, "त्यांची पुस्तकं वल्ली, तुझी कोरडी." त्याच कोरड्या पुस्तकांवर मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, अभिमान वाटतो.

कोल्हापुरात नोकरी लागली. ऑफिसात एकदा प्रशिक्षण झालं. रोजच्या अडचणींतून वाट काढायची बुद्धी शिकवता येते का, यावर दिवसभर खल चालला. फोनवर आत्याला सांगितलं तर ती हसली. "त्यात शिकवायचं काय? माणूस अडकला की जरा अडकू द्यावा. आपण मधी हात घातला की त्येचं डोकं झोपतंय."

मी तोच हात घातला.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. मी तिला मंगळवार पेठेत माझ्या घरी आणलं. घास भरवणं, वेणी घालणं, सगळं मीच करायची. तिचं एकच म्हणणं, "मला आजऱ्याला सोड." एकदा चिडून मी म्हणाले, "एका हातानं अख्खी भाकरी करून दाखव, सोडते!" मला वाटलं, विषय मिटला.

"शबूद दिलास हां. आता फिरायचं न्हाय," ती म्हणाली.

मग रोज ऑफिसातून यावं तर ओट्यावर पीठ, कचऱ्यात भाकरीचे तुकडे. एक दिवस तिच्या डाव्या बोटांवर फोड दिसले आणि मी घाबरले. "हा पण हात घालवणार आहेस का?" स्वयंपाकाला शोभाला ठेवलं आणि तिला बजावलं, आत्याला गॅसजवळ फिरकू द्यायचं नाही.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी ताटात जाड भाकरी आली. वर फडक्याच्या विणीचे ठसे. आत्या माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी थकलेली. म्हणाले, "शोभाला सांग, जरा पातळ थापत जा. ही घशाखाली उतरत नाही." अर्धी तशीच टाकून उठले.

"सांगते की," आत्या म्हणाली. "हुईल पातळ."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

पाहुणे पांगल्यावर शोभा एक ताटली घेऊन आली. ताटली घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, वर फडकं. "ताई, रागावू नका. त्या दिवशीची भाकरी आजींनी केलती. वल्ल्या फडक्यावर थापायची आन् ताटलीच तव्यावर पालथी घालायची. मी निस्ता गॅस पेटवून दिला. म्हटलं, सांगा की ताईंना. तर तुम्ही जेवून उठल्यावर म्हणाल्या, थांब, पातळ जमली की सांगू."

आजऱ्याचं घर आता मी उघडते, सुट्टी मिळेल तेव्हा. उजवा हात पाठीमागे धरते, ताटली तव्यावर पालथी घालते. शोभा म्हणाली होती, शिकवते. मी नको म्हटलं. भाकरी अजून मोडतेच. मोडलेली सगळी खाते, टाकत नाही.