चामड्याची सीट, पोंगा आणि बाकीचं सामान

सायकल चालवणाऱ्याला दर रविवारी एक तरी किस्सा मिळतो. आणि सायकलवर जुनं सामान असेल तर दोन! आमच्याकडे असे इतके किस्से साठलेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. मैत्रिणी म्हणतात, "तू बनवून सांगतेस." अगं, बनवायचं असतं तर मी जरा पटेल असं बनवलं असतं!

आम्ही चौघं. मी शहाद्याला दवाखान्यात लॅब टेक्निशियन. पारसशेठ, कापडदुकानवाले, यांची सायकल एकदम महागडी, पण पायात कॉलेजच्या काळातले रेसिंगचे बूट. वसावे सर मूळचे नवापूरचे, शाळेत विज्ञान शिकवतात. आणि आप्पा. आप्पा तापीकाठच्या प्रकाशा गावचे शेतकरी, वय सत्तरीच्या आसपास, सायकल काळी, चोवीस इंची, तिच्यावरची एकही वस्तू त्यांनी कधी बदललेली नाही. बाकी आम्ही तिघांनीही काही ना काही जुनं धरून ठेवलंय. घरचे वैतागलेत. आम्ही नाही.

*

आप्पांच्या सायकलीची सीट चामड्याची आहे. चामडं मऊ राहावं म्हणून आप्पा तिला तूप चोळतात. घरचं, गाईचं! मी म्हटलं, "आप्पा, ग्रीस लावा की." तर म्हणाले, "ग्रीस तुमना प्लास्टिकले लावा."

एकदा प्रकाशाला दर्शन घेऊन बाहेर आलो. तिघांच्या सायकली जागेवर. आप्पांचीही जागेवर. पण सीट नाही! नुसत्या दोन स्प्रिंगा वर आलेल्या.

"चोरी!" शेठ ओरडले. "देवाच्या दारात चोरी!"

तेवढ्यात नदीच्या पायऱ्यांवरून एक पिवळं कुत्रं शांतपणे उतरताना दिसलं. तोंडात आप्पांची सीट. आप्पांना मी त्यापूर्वी कधी पळताना पाहिलं नव्हतं. धोतर एका हातात, चप्पल दुसऱ्या हातात, आणि तोंडाने अशा शिव्या की पायऱ्यांवर बसलेल्या बायकांनी पोरांचे कान झाकले! कुत्रं थेट पाण्यात शिरलं. आप्पाही शिरले. कमरेएवढ्या पाण्यात दोघांची ओढाताण. काठावर यात्रेकरूंची गर्दी. कोणी मोबाइल काढले, कोणी हात जोडले. कशाला जोडले देव जाणे.

आप्पा सीट घेऊन वर आले. ओलेचिंब. चामड्यावर दातांच्या खुणा स्पष्ट उमटलेल्या. मी म्हटलं, "आप्पा, आता नवी घ्या."

आप्पांनी सीट उलटीसुलटी करून बघितली आणि अभिमानाने म्हणाले, "इतला चाव्वा, पन फाटनी का? नवी घी मंग काय कुत्राले खावाले दिऊ?"

*

शेठच्या बुटांचं सांगते. तळाला खाच असलेली लोखंडी पट्टी. ती पेडलमध्ये अडकते, वरून चामडी पट्टा आवळायचा. एकदा आवळला की माणूस आणि सायकल एक! पाय काढायचा तर आधी खाली वाकून पट्टा सैल करायचा. ते शेठना दर वेळी आठवतंच असं नाही.

नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या असतात. नजर जाईल तिथवर लाल. थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिथून जात होतो. शेठना फोटो काढायची हुक्की आली. रस्ता सोडून सायकल थेट मिरच्यांच्या ढिगाजवळ नेली, ब्रेक लावला, मोबाइल काढला. आणि मग त्यांना पाय आठवले.

"मन्हा पाय! पाय निंघत नही!"

शेठ पडले म्हणणं बरोबर नाही. शेठ कलले. हळूहळू, अगदी निवांत, मिरची निवडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांदेखत, सायकलीसकट ढिगात आडवे झाले. मग लाल धूळ उठली.

शिंका! आम्ही रस्त्यावर, तरी आमच्या शिंका थांबेनात. शेठचं तर बघवत नव्हतं. डोळे घट्ट मिटलेले, चेहरा लालभडक, श्वास घ्यायला उठताही येईना, कारण पाय पेडलमध्ये आणि सायकल अंगावर! मला खरंच वाटलं, हा माणूस आता गुदमरतो.

बायका धावल्या. "डोळा चोयू नका शेठ! चोयू नका!" दोघींनी सायकल धरली, वसावे सरांनी पट्टे सोडले, एकीने पदराने तोंड पुसलं, एकीने घरून आणलेलं ताक तोंडावर ओतलं.

शेठना कंठ फुटला. डोळे अजून मिटलेलेच. पहिला शब्द काय?

"मन्हा बूट तर धड ना?"

*

माझं जुनं सामान म्हणजे वडिलांच्या पँटच्या दोन पोलादी क्लिपा. घोट्याशी पँट आवळून धरायच्या, चेनमध्ये अडकू नये म्हणून. मी सलवारीला लावते. मध्यंतरी एकदा काढायला विसरले आणि तशीच कामावर गेले.

धडगावकडून आलेली एक म्हातारी बाई रक्त तपासायला बसली होती. मी सुई काढली. बाईचं लक्ष सुईकडे नाहीच. ती खाली वाकून माझ्या घोट्याकडे बघतेय. तिच्याबरोबर आलेल्या सुनेला पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. सून लाजली. मी विचारलं, "काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, हे पायातलं त्यांना द्या. बदल्यात हे घ्या."

बघते तर बाईने हातातलं चांदीचं जाडजूड कडं उतरवून माझ्या टेबलावर ठेवलेलं! माझ्या हातातली सुई पडायची बाकी होती. कडं मी परत तिच्या हातात घातलं आणि डावी क्लिप तिला दिली. चेन काय, उजवीकडेच असते. बाईने क्लिप तिथेच पायात चढवली आणि मग रक्त द्यायला हात पुढे केला. पुढच्या वेळी तपासणीला आली ती क्लिप खास घासूनपुसून, चकाचक करून!

*

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सायकली नेऊ नयेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आप्पांच्या हँडलला रबरी फुगा दाबून वाजवायचा पोंगा आहे. पॉं... पॉं! बाजारात इतकी गर्दी की पाऊल पुढे पडेना. समोर एक पांढरीशुभ्र घोडी, भोवती बघ्यांचा घोळका. तिचा मालक बाहेरगावचा, मिशीला पीळ दिलेला, तिला नाचवून दाखवायच्या खटपटीत. ढोलवाला घामाघूम. घोडी जागची हलायला तयार नाही. गिऱ्हाईक निघायच्या बेतात.

"जराक सरका रे भाऊ," म्हणत आप्पांनी पोंगा दाबला.

घोडीने कान टवकारले. मी शेठचा दंड धरला. आता ही उधळणार आणि आम्ही तिच्या टापांखाली!

घोडीने पुढचे दोन पाय उचलले आणि नाचायला लागली.

आप्पा घाबरून थांबले. घोडीही थांबली. मालक ओरडला, "बाबा, रुकना मत! बजाते रहो!" आप्पांनी पुन्हा दाबला. पॉं! घोडी वळली. पॉं पॉं! घोडी गोल फिरली. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला आणि तोंड उघडं टाकून बघत राहिला. वसावे सर विज्ञानाचे शिक्षक. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मला काही विचारू नका!"

सौदा तिथेच ठरला. फक्त गिऱ्हाइकाची एक अट होती. "घोडी घेतो. पण हा पोंगा तिच्यासोबत पाहिजे."

आप्पांनी पोंग्यावर हात ठेवला. "घोडी तुमी दुसरी देखा!"

*

हा किस्सा सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

हिवाळ्यात आम्ही उजाडायच्या आत निघतो. शहाद्याच्या पुढे रस्त्याला दोन्हीकडे ऊस. शेठचा चार्जिंगचा लाइट चार्ज करायचा राहिलेला, माझा आणि सरांचा मिणमिणता, चाकापुरता. उजेड होता तो आप्पांच्या डायनॅमोचा. मागच्या चाकाला घासून फिरणारी ती बाटलीसारखी डबी, कुईंऽऽ असा आवाज, आणि समोर पिवळा झोत.

त्या झोतात रस्त्याच्या मधोमध बिबट्या बसलेला होता.

बसलेला! कुत्रं दारात बसतं तसा. आम्ही ब्रेक दाबले. सायकली थांबल्या. आणि सायकल थांबली की डायनॅमो थांबतो. अंधार!

तो आहे तिथेच आहे, की उठलाय, की येतोय, काही कळेना. शेठ नवकार मंत्र म्हणायला लागले.

"सर," आप्पा हळूच म्हणाले, "मांगलं चाक उचला."

वसावे सरांनी कॅरियर धरून मागचं चाक उचललं. आप्पा खाली बसले आणि हाताने पेडल फिरवायला लागले. कुईंऽऽ. झोत पेटला. बिबट्या तिथेच. पण आता उभा. डोळे हिरवे, आमच्याकडे रोखलेले.

"फिरवत राहा आप्पा," सर कुजबुजले. त्यांच्या हातात चाक डुगडुगत होतं, झोत बिबट्याच्या अंगावर हलत होता. आप्पांचा वेग जरा कमी झाला की उजेड मंद व्हायचा आणि मला वाटायचं, गेलो!

बिबट्याने जांभई दिली. मग वळला आणि सावकाश उसात शिरला. पानं हलली. थांबली.

"आप्पा, गेला तो," मी म्हटलं. "थांबा आता."

आप्पा पेडल फिरवतच होते.

"आप्पा, गेला!"

"माले दिसनं," आप्पा म्हणाले. "पन उजाडू दे."

*

वसावे सरांचं हेल्मेट त्यांच्या बी.एड.च्या दिवसांतलं. आतून थर्माकोल, वरून कापड, कापडाचा मूळ रंग कोणालाच माहीत नाही. मी किती वेळा म्हटलं, सर बदला. ते हसायचे.

नवापूरच्या हायवेवर एका ट्रकने त्यांना इतकं खेटून ओव्हरटेक केलं की सर उडून कडेला पडले. डोकं थेट मैलाच्या दगडावर. तो आवाज मी विसरू शकत नाही. आम्ही पोचलो तर सर डोळे मिटून पडलेले, हेल्मेटचे दोन तुकडे दोन बाजूंना.

रोज दवाखान्यात काम करणारी मी, पण मला नाडी सापडेना! "सर! सर, ऐकू येतंय का? आज वार कोणता?"

मी त्यांचे गाल थोपटले.

"सर, वार सांगा!"

सरांनी एक डोळा उघडला. "ताई, प्रश्न मी विचारतो."

मी रस्त्यावरच बसून रडले. शेठ रडले. आप्पा दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. सर पुन्हा आले तेव्हा डोक्यावर नवंकोरं हेल्मेट होतं. बायकोने स्वतः आणलेलं. मला बरं वाटलं. मग मागे लक्ष गेलं. कॅरियरला, चिकटपट्टीने जोडलेलं, जुनं हेल्मेट बांधलेलं.

"हे कशाला, सर?"

"याने माझं डोकं सांभाळलं," सर म्हणाले. "याला घरी एकटं कसं ठेवू?"

*

आप्पांच्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर लहान मुलांची एक सीट आहे. छोटीशी, लोखंडी, वर लाल रेक्झिनची गादी. तिच्यावर कोणी बसलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. एकदा मी सहज त्यावर पाण्याची बाटली ठेवली, तर आप्पांनी ती उचलून मुकाट्याने माझ्या हातात दिली. शेठनी एकदा विचारलंही होतं, "आप्पा, पोरंबाळं?" आप्पा म्हणाले होते, "आमी दोन्हीच." त्यांना मूलबाळ नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

मागच्या थंडीतली गोष्ट. तापीच्या पुलाअलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो होतो. आप्पा सायकलीशेजारीच उभे, हातात कप. गुजरात पासिंगची एक कार पुढे गेली, करकचून थांबली आणि मागे आली.

एक बाई उतरली. पस्तिशीची असेल. केस वाऱ्यावर, पायात चप्पल नाही. चप्पल गाडीतच राहिलेली! ती सरळ आप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा."

आप्पांच्या हातातला कप कलंडला. गरम चहा हातावर सांडला तरी त्यांनी हात हलवला नाही. ते तिच्याकडे बघतही नव्हते. सायकलीकडे बघत होते.

टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला.

बाईने लाल गादीवर हात ठेवला. "मी घर सोडी गऊ, तरी मन्ही सीट आजून काढी नही तुमी?"

आप्पांनी मोकळ्या हाताचा अंगठा सीटच्या लोखंडी कडेवरून फिरवला. मग म्हणाले, "गंजी जाती, म्हनून तेल दी ऱ्हायनू."

बाई वळली. गाडीत एक माणूस स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मागचं दार उघडलं आणि चार-पाच वर्षांची झोपाळलेली पोर उचलून आणली. कोणाला न विचारता तिला त्या सीटवर बसवलं. पोरीने हँडल धरलं. बरोबर बसली.

आप्पांनी कप खाली ठेवला. टोपी काढली, पुन्हा घातली. सायकल स्टँडवरून उतरवली आणि पाय टाकून चढले. पोर त्यांच्या दोन हातांच्या मध्ये.

पोरीने मान वळवून वर बघितलं, मग आईकडे.

"मम्मी, आ कोण छे?"

आप्पांनी पेडलवर पाय ठेवला.

"पाय वर धर, माय," ते म्हणाले. "चाकमा जाई."