दाजींचा सप्लाय आणि उमरीचे पाहुणे

हदगाव तालुक्यात खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतील. पण खरंसुद्धा आधी तपासून मगच बोलणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या आक्काच्या नशिबी आला. आमचे दाजी. टेलिफोन खात्यात तारा तपासण्यात उमर गेली, पुढे ते रिटायर झाले, पण सवय काही रिटायर झाली नाही. टॉर्चचे सेल घेतले की दुकानातच खिशातलं मीटर काढून लावणार. टरबूजवाल्याच्या ढिगातलं प्रत्येक टरबूज कानाशी धरून वाजवणार, आणि शेवटी काहीच न घेता पुढे जाणार. एकदा आक्काचं बीपी दाखवायला नांदेडला नेलं. डॉक्टर पट्टा बांधू लागले तोच दाजींनी विचारलं, हे मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं होतं म्हणून. त्या दिवशी डॉक्टरांचंच बीपी मोजायला पाहिजे होतं.

बरं, दाजी नुसतं तपासतात. दुरुस्त काहीच करत नाहीत. वस्तू चालू आहे का खलास आहे, तेवढं सांगायचं आणि हात झटकायचे. भीमजयंतीच्या मिरवणुकीआधी गल्लीतली पोरं लायटिंगच्या माळा घेऊन आली. दाजींनी अख्खा दिवस घालून एकेक माळ तपासली आणि निम्म्या मेल्या म्हणून सांगितलं. पोरं म्हणाली, काका, मग जोडून द्या की. तर म्हणे, ते आपलं काम न्हाई. वर आम्हाला ऐकवायचे, "मेव्हणे, दुरुस्त करणारे पायलीला पन्नास हाईत. हाय का न्हाई ते सांगणारा एक तरी पायजे की ओ गावात." आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं, ही आणखी एक खोड. शेजारच्या गुरुजींनी इन्व्हर्टरची नवी बॅटरी आणली, पेढे वाटले. दाजींनी पेढा तोंडात टाकला, मीटर लावलं आणि पेढा गिळायच्या आत बॅटरी जुनीच असल्याचं जाहीर केलं. बॅटरीवाला तेव्हापासून दाजींना रामराम घालत नाही, आणि गुरुजींच्या घरून पेढेही आले नाहीत.

एवढ्या मोठ्या कारभाराला खिशातलं मीटर पुरेना. वस्तू तपासायची तर तिला हवी तेवढी वीज द्यायला नको का? नेमका त्याच वर्षी माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला. मी नांदेडला भंगारात देणार होतो. दाजींचा फोन आला की त्याच्या पोटातला वीज पुरवणारा सप्लाय तेवढा काढून आण. त्यातून बारा व्होल्ट निघतात, पाच निघतात, तीन पॉइंट तीन निघतात, आणि तुम्ही लोक ते भंगारात देऊन राहिले! मी तो पत्र्याचा डबा पिशवीत घालून हदगावला नेला. आता लगेच उघडतील म्हणून मी टक लावून बसलो, तर दाजींनी डबा कपाटावर ठेवून दिला. आतल्या कंडेन्सरमध्ये करंट दडून बसलेला असतो, म्हणाले, बंद सप्लाय आणि मेलेला साप यांच्या लगेच जवळ जाऊ नये. पुढच्या खेपेला गेलो तर डबा माळवदावर उघडा पडलेला. आतली सर्किटची पाटी काढून बाजूला ठेवलेली आणि दाजी पत्र्याला भोकं पाडत बसलेले. पत्र्याचा एक कणही पाटीवर पडता कामा नये म्हणून ती त्यांनी चांगली फडक्यात गुंडाळली होती. आक्काचे पापड मात्र शेजारीच उघड्यावर वाळत होते. त्या वर्षी आमच्याकडे पापड खाताना सगळे आधी जपून चावून बघायचे.

पिवळ्या तारा एका जागी, लाल एका जागी, काळ्या एका जागी, अशा जुड्या बांधून त्यांना बाहेरून रंगीत खुंट्या बसवल्या. हिरवी तार आणि काळी तार बटणावर घेतली, की बटण दाबल्यावर डबा जागा होतो. पण झाला काय? डबा जागा व्हायचा, पंखा दोन गिरक्या घ्यायचा आणि पुन्हा थंड. दाजी जेवेनात. आक्का मला फोनवर म्हणाली, लेकरू आजारी पडल्यावर एवढे हवालदिल झाले नव्हते. शेवटी कळलं, की या जुन्या सप्लायला सतत थोडं तरी ओझं, म्हणजे लोड, लागतं. बिनकामाचा तो चालतच नाही. मग खडूच्या तुकड्याएवढा एक पांढरा रेझिस्टन्स आत कायमचा जोडला आणि डबा घूं घूं करत सुरू झाला. त्या दिवशी घरात शिरा झाला. तेव्हापासून डबा पुढच्या खोलीत टेबलावर, आणि टीव्ही आतल्या खोलीत.

आता पाहुण्यांकडे येतो. माझी भाची शीतल लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बाप तारा तपासतो, लेक रक्त तपासते, खानदानच तसं. तिला बघायला उमरीचे पाहुणे येणार होते. मुलगा पुण्यात कंपनीत, वडील शेतकरी. आक्कानं सकाळीच ताकीद दिली, की ते धूड आज दिसता कामा नये. दाजींनी डबा मुकाट्यानं पलंगाखाली सरकवला, वर शाल टाकली; फक्त बंद करायचं विसरले. पाहुणे बसले, मुरमुऱ्यांचा सुशीला पुढे आला, आणि मुलाच्या वडिलांनी, म्हणजे उमरीकरांनी, हातातली बशी खाली ठेवून कान टवकारले. मग हा भला माणूस सरळ वाकून पलंगाखाली बघायला लागला. आक्कानं डोळेच मिटून घेतले. उमरीकर शाल उचलून म्हणाले, "कॉम्प्युटरचा दिसून राहिला. लोड काय लावलाय ओ?"

दाजींच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत ‘हे काय धूड’ असं सगळ्यांनी विचारलं होतं. लोड कोणी विचारला नव्हता. दोघं तिथंच फरशीवर बसले. उमरीकर गावातले बॅटरीवर चालणारे फवारणीचे पंप हौसेनं तपासायचे, तेही फुकट. शीतल चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा दोन्ही बाप पलंगाखाली डोकं घालून होते. मुलीला प्रश्न काय विचारायचे ते मुलानं आणि त्याच्या आईनं विचारून घेतले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? रोज फोन. उमरीकर आपला पंप घेऊन भोकरला गाडी बदलून यायचे, दाजी तो तपासायचे, मग दोघं मिळून पुन्हा तपासायचे. बोलणी पक्की व्हायच्या आधीच हे एकमेकांना ‘इवाई’, म्हणजे व्याही, म्हणू लागले. दाजी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यासाठी काही बनवायला बसले होते, उमरीकरांसाठी तसाच एक सप्लाय. आणि शीतलनं नाही म्हणून सांगितलं. मुलगा म्हणाला होता, लग्नापर्यंत कर नोकरी, पुढं काय गरज? दाजी हळूच म्हणाले, घर लई चांगलं हाय, फिरून एकदा इचार कर. पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्ही पोराचा बाप तपासला. पोरगा कुठं तपासला?"

संध्याकाळपर्यंत दाजी टेबलापाशी नुसते बसून होते आणि उठले ते उमरीला जायचं ठरवूनच. आम्ही म्हणालो, असला निरोप कोणी स्वतः नेतं का? मध्यस्थाकडून कळवा की पत्रिका जुळत नाही. दाजी म्हणाले, "पत्रिका म्या तपासली न्हाई. खोटं कसं सांगू?" त्या माणसाला फोनवर नाही सांगणार, म्हणाले. सोबतीला मी गेलो. दाजींच्या मांडीवर तो नवा सप्लाय. उमरीला घरात शिरल्या शिरल्या उमरीकरांनी डबा उघडला, दोघांनी सगळ्या खुंट्या तपासल्या, आणि मी शेजारी बसून खोकून खोकून दमलो. शेवटी दाजींनी सांगून टाकलं, पोरीला नोकरी सोडायची नाही, पोरीचं बराबर आहे, आणि तिचा बाप म्हणून मी तिच्या बाजूनं आहे. आत मुलाच्या आईच्या हातातल्या कपबशा वाजत होत्या, त्या थांबल्या. उमरीकरांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि डबा हळूच दाजींपुढे सरकवला. नातंच न्हाई तर वस्तू कोणत्या तोंडानं ठेवून घेऊ, एवढंच म्हणाले. येताना डबा पुन्हा दाजींच्या मांडीवर होता.

पुढे दाजींनी तपासणं सोडलं. डब्यावर शाल पडली ती पडलीच. ज्या घूं घूं आवाजाला आक्का इतकी वर्षं शिव्या देत आली, त्याच्याशिवाय तिलाच करमेना. बिचारी चांगला टॉर्च घेऊन गेली आणि म्हणाली, हा लागत नाही, जरा बघता का? दाजी मान वर न करता म्हणाले, चालू असंल. तपासल्याशिवाय! आक्कानं मला फोन केला तेव्हा ती रडत होती.

त्याच रविवारी मी हदगावला गेलो. बाजाराचा दिवस होता. दुपारी दारात उमरीकर, पाठीवर फवारणीचा पंप. आत पाऊल टाकलं नाही त्यांनी. उंबऱ्याबाहेरूनच आक्काला म्हणाले, "ताई, सोयरा म्हणून न्हाई आलो. गिऱ्हाईक म्हणून आलोय. पंप बिघडलाय."

दाजी उठले. शाल काढली, बटण दाबलं, पिवळ्या खुंटीला एक तार आणि काळीला दुसरी लावली. पंप फुरफुरत असा झकास सुरू झाला की माझी विजार ओली झाली. मीटरवर बारा व्होल्ट मलासुद्धा दिसत होते. पंपाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं, आणि उमरीकरांसारख्या माणसाला ते घरूनच ठाऊक असणार. दाजींनी एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा उमरीकरांकडे पाहिलं. बॅटरीवाल्याची, गुरुजींची, कुणाचीही भीड न धरणारा हा माणूस आता काय सांगणार म्हणून मी विजार पिळायचा थांबलो.

दाजींनी तारा काढल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बिघाड हाय. पर लई बारीक हाय, एका दिवसात सापडायचा न्हाई. पंप ठेवून जा, पुढच्या बाजारी या."

उमरीकर म्हणाले, "हाव. येतो की."

मग ते आत येऊन बसले.