केळव्यातले सहा आठवडे आणि एक स्क्रू

शिफ्टच्या बसमधून उतरताना माझा पाय खड्ड्यात मुरगळला आणि घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड मोडलं. बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, “मॅग्नेशियमचा स्क्रू घालू. हाड जुळलं की तो हळूहळू विरघळतो. काढायला पुन्हा ऑपरेशन नको.”

आमची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा केळव्याहून रिक्षा घेऊनच आले. “चल घरी,” एवढंच म्हणाले. लग्नानंतर दोन दिवसांच्या वर मी कधी माहेरी राहिले नव्हते. या वेळी सहा आठवडे राहिले.

बाबांना तो स्क्रू काही पटेना. तरुणपणी ते पोफळीवरून पडले होते. त्यांच्या घोट्यात स्टीलचे दोन स्क्रू घातले आणि वर्षभराने पुन्हा चिरून काढले. त्या दोन्ही खेपांना आईने एकटीने वाडी शिंपली होती.

“धातू अंगात विरघळतो, असं कुठं हाय का?”

“हाय,” मी म्हटलं.

“मग जातो कुठं?”

“रक्तात. तिथून लघवीवाटे बाहेर.”

आतून आईचं हसू ऐकू आलं. बाबा मात्र गंभीरपणे मान हलवत राहिले.

दुपारी ओट्यावर सुपारी सोलताना ते आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवत. त्यांचा व्रण वीतभर, माझा जेमतेम बोटभर. वाडीतल्या वाळूत माझा वॉकर रुतायचा, म्हणून त्यांनी ओट्यापासून विहिरीपर्यंत फळ्या टाकल्या. सकाळी मी चालू लागले की ते मागून येत, दोन्ही हात पुढे धरून, पण मला न लावता.

एकदा आई म्हणाली, “ही पहिल्यांदा चालली तवा तुमी वाडीत होता. मीच होते.”

“म्हणून तर आता हाय,” बाबा म्हणाले.

सहा आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत स्क्रूभोवती काळी सावली दिसली. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, “धातू विरघळताना थोडा वायू होतो, त्याची सावली आहे. जाईल. हाड छान जुळलंय.” मी बोईसरला परतले. पुन्हा शिफ्टची बस, पुन्हा धावपळ. केळव्याला जाणं पूर्वीसारखंच सणावारी, एका दिवसाचं.

दोन वर्षांनी शेवटचा एक्स-रे काढला. तो घेऊन केळव्याला गेले. बाबांनी तो उन्हात धरला, बराच वेळ पाहिला.

“गेला?”

“गेला. त्याच्या जागी हाड आलंय.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मग फिल्म पाकिटात घालता घालता हळूच म्हणाले, “आता तुला राहायला कारण नाय.”

संध्याकाळच्या गाडीने मी परतणार होते, ती गाडी सोडली. सकाळी कारखान्यात फोन करून आठ दिवसांची रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. बाबांकडे राहायचंय, असं सांगून टाकलं.