नाक धरून उडी

ताई पोहायला शिकवायची. तलावावर तिच्या हाताखालून निम्मं गाव तरून गेलं, पण सख्खा धाकटा भाऊ काही तिला दाद देईना. खांद्यावर टॉवेल टाकून ऐटीत यायचा आणि तसाच कोरडा ठणठणीत घरी जायचा. म्हणून सगळे त्याला कोरडोबा म्हणायचे. शेवटी महिनाभर कानीकपाळी ओरडल्यावर गडी पाण्यात उतरला, तोही चिमटीत नाक धरून. पुढं हातपाय मारायला शिकला, दम वाढला, पण उडी मारताना नाकावरची चिमूट काही सुटली नाही.

आणि हा महाभाग भरती कुठं झाला? तर जहाजांतून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मरीन फौजेत!

"अरे, जमिनीवरची फौज नव्हती का रे?" ताईनं कपाळावर हात मारला.

"त्यांचा गणवेश मला शोभत नाही गं," तो म्हणाला.

युद्धात त्याची होडी किनाऱ्याजवळ फुटली. पाठीवरच्या ओझ्यानं माणसं बुडायला लागली. गोळीबार चालू असताना त्यानं एकेक करत तिघांना खडकावर ओढून आणलं. चौथ्यासाठी गेला तो परत आलाच नाही. घरी शौर्यपदक आलं. आईनं ते त्याच्या घडी घातलेल्या शर्टांवर ठेवलं.

तलावावर त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. व्यवस्थापकांनी मजकूर आणला: 'पाण्याची भीती ज्याला ठाऊकच नव्हती, असा वीर.' ताईची सही झाली की पाटी कोरायला जाणार होती, आणि ताई सही करेना.

"चांगलं लिहिलंय की हो, ताई!"

"चांगलं आहे. पण हा माझा भाऊ नाही, दुसराच कुणी आहे."

"कर ना गं सही," आई म्हणाली. "खरं लिहिलंस तर लोक हसतील त्याला."

ताईला ते लागलं. त्याहून मोठी धास्ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिकडं जाऊन तो खरंच बदलला असेल तर? आपला कोरडोबा शेवटी उरलाच नसेल तर?

आठवड्यानं कुबड्या घेतलेला एक सैनिक घरी आला. भावानं वाचवलेल्यांतला तिसरा. ताईनं दारातच विचारलं, "घाबरला होता का हो तो?"

"ताई, राग मानू नका, पण पांढराफटक पडला होता. मला खडकावर टाकलं आणि म्हणाला, पाणी फार आहे रे. डोक्यावरून गोळ्या चालल्यात, आणि हा बाबा चिमटीत नाक धरून उडी मारतोय! तशातही हसू फुटलं मला."

ताई हसली आणि हसता हसता ढसाढसा रडली. मग तिथंच बसून तिनं कागदावर लिहिलं: 'याला पाण्याची फार भीती वाटायची. तरी याने चार वेळा उडी मारली.'

आईनं ते दोनदा वाचलं. डोळे पुसले.

"नाक धरून, तेही लिही," ती म्हणाली.