तुळजेच्या गावी आठ दिवस

नातींची शाळा पाद्र्यांची. त्यामुळे घरात देव आमचे असले तरी सुट्टी नाताळची. यंदा मुलगा राघू म्हणाला, "अप्पा, सुट्टीत सगळे तुळजेकडे जाऊ." तुळजा माझी लेक, कुंभकोणमजवळच्या खेड्यात दिलेली. मी म्हटलं, "येईन. पण माझं खाणं माझ्याबरोबर येईल."

कारण सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे मला विक्षिप्त म्हणतील. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नेम. वडिलांनी पाळला, मीही पाळतो. तुळजेच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं. मी शाळा चौथीत सोडली आणि जन्मभर मद्रासेत भांड्यांवर नावं घातली. छिन्नीनं एकदा ठोकलेलं अक्षर खोडता येत नाही. माझंही तसंच.

एग्मोरहून सकाळची गाडी धरली. तांबरम मागे पडलं तशी हवा मोकळी झाली. इंजिनाची कोळशाची कणी राघूच्या डोळ्यात गेली, कारण खिडकीत बसू नको हे माझं त्यानं ऐकलं नाही. कुंभकोणमला उतरून बैलगाडी केली. दोन्हीकडे हिरवंगार भात, त्यात पांढरे बगळे. पोट न भरता मन भरावं असा देखावा! पुढे एका कालव्यात गाडी कलंडता कलंडता वाचली, पण माझी पोहे-गुळाची पिशवी पाण्यात गेली. ती वर काढली तेव्हा आत नुसता चिखल होता.

"आता काय खाणार, आजोबा?" धाकटी नात म्हणाली.

"देव देईल."

"देव स्वयंपाक करतो?"



तुळजा दारात उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. तिला माझा नेम ठाऊक. मी तिण्णैवर (बाहेरच्या ओट्यावर) बसलो आणि वाटेत घेतलेलं केळं सोललं. तशी ती हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्ही इथं बसून केळं खाता ना, तेव्हा सगळ्या गल्लीला कळतं की माझी ओटी रिकामी आहे."

उरलेलं केळं मी गाडीच्या बैलाला घातलं. तरी नेम तो नेम.

मार्गळीचा (थंडीतल्या धनुर्मासाचा) महिना होता. पहाटे दारोदार कोलम (रांगोळी), मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. कालव्यावर आंघोळ करून मी पिळ्ळैयारच्या (गणपतीच्या) देवळात जाई. तिथं गुरुक्कळ (पुजारी) केळीच्या पानावर गरम पोंगल (मूगडाळीचा मऊ भात) वाढत. तूप सुटलेला, अख्खी मिरी, वर तळलेले काजू. मी तीनदा मागून घेई. दुपारी शहाळं, रात्री केळी. दिवस मजेत चालले होते.

विहीणबाईंची जीभ तिखट. "व्याही, पोंगल कसा लागतो?"

"मद्रासेत असा मिळायचा नाही. तुळजेला म्हणावं, जा, शिकून ये."

विहीणबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी मला उशीर झाला. पोंगल संपला होता आणि गुरुक्कळ भांडं पालथं घालत होते. काशाचं, जाड बुडाचं. बुडापाशी नाव होतं. आता बारीक अक्षर मला दिसत नाही, पण हे वाचावं लागलंच नाही. 'तुळजा'. ळच्या शेपटीला माझी छिन्नी जराशी घसरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी हात कापत होता, म्हणून.

"हे भांडं इथं कसं?"

"महिनाभर नैवेद्य तुमच्या लेकीकडचाच, अप्पा. देवळात चूल कुठंय? तुमचे जावई पहाटे आणून देतात, तुम्ही कालव्यावर असता तेव्हा."

मी भांडं उचललं, खांद्यावर घेतलं आणि गल्लीतून सरळ घरी आलो. तिण्णैवर थांबलो नाही. आत जाऊन पाटावर बसलो.

"तुळजे, पान मांड. आज मला पोंगल मिळाला नाही."

ती जागची हलेना. विहीणबाईच बोलल्या, "काय व्याही, नेम मोडला म्हणायचा?"

"तो तीन दिवसांपूर्वीच मोडला. जिच्या हातचं गणपती रोज आधी खातो, तिच्याकडे जेवायला मी कोण मोठा लागून गेलो?"

तुळजेनं पाणी आणलं. या वेळी तांब्या तिनं पुढे केला. मी सगळं पाणी प्यायलो. दारातून शेजारणी डोकावत होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं सांबार मागितलं.

परतताना तिनं चिंचेचा भात बांधून दिला. विळुप्पुरम स्टेशनात डबा उघडला तर समोरचा प्रवासी म्हणाला, "वास छान येतोय. घरचा का?"

"लेकीच्या घरचा," मी म्हटलं आणि त्यालाही वाढला.

एग्मोर येईपर्यंत विचार करत होतो. वडिलांनी नेम पाळला, कारण त्यांच्या लेकींना वर्षाच्या आत मुलं झाली. त्यांना तो कधी जड गेलाच नाही. मला नऊ वर्षं गेला, आणि तुळजेला माझ्याहून जास्त. पुढच्या नाताळात पुन्हा जाईन. पोह्यांची पिशवी नेणार नाही.